कोरी ठेवलेली सहा शतकं

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्तानं नांदेड-लातूर भागात स्थानिक इतिहासाची पुस्तकं, स्मरणिका आणि गौरवग्रंथ निघाले. त्यांतले मिळाले तेवढे मी गोळा करून वाचले. वाचताना एक गोष्ट आधी खुपली, मग तिचा राग यायला लागला. पुस्तक कुठल्याही गावाचं असो, आखणी एकच. पहिलं प्रकरण राष्ट्रकूटांचं : 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद, कंधारचा जगत्तुंग समुद्र, क्षेत्रपालाच्या अजस्र मूर्तीचे अवशेष. दुसरं चालुक्य-यादवांचं : होट्टलची मंदिरं, निलंग्याचा नीलकंठेश्वर. मग एखादा परिच्छेद, की त्यानंतर या प्रदेशावर अंधार पसरला. पान उलटलं की थेट रझाकार. यादवांच्या हरपाळदेवाचा शेवट १३१८चा, हैदराबादची शरणागती १७ सप्टेंबर १९४८ची. मधली सहाशे तीस वर्षं त्या एका परिच्छेदात मावतात.

सहाशे तीस वर्षं म्हणजे किमान पंचवीस पिढ्या. त्या पेरत होत्या, सारा भरत होत्या, भांडत होत्या, ओव्या रचत होत्या, उरुसाला आणि जत्रेला जात होत्या. आज ज्या भाषेत आपण हे गौरवग्रंथ लिहितो, तिला घडवलंही त्यांनीच. त्यांच्याविषयी आपल्याला सांगण्यासारखं काहीच नाही?

योगायोगानं याच पावसाळ्यात मी मध्य अमेरिकेतल्या माया संस्कृतीच्या उत्तरकाळावर वाचत होतो. तिथल्या अभ्यासकांचीही वर्षानुवर्षं हीच खोड होती. मोठमोठी मनोरे-मंदिरं उभी राहिली तो 'अभिजात' काळ, आणि त्यानंतरचा सगळा ऱ्हास. युकातानमधलं मायापान हे शहर साधारण १२०० ते १४५० या काळातलं. त्याला नऊ किलोमीटरचा तट होता आणि परिसरात चार हजारांवर बांधकामं होती. १९५०च्या दशकात कार्नेगी संस्थेच्या मंडळींनी तिथं उत्खनन केलं, दगडकाम ओबडधोबड दिसलं, आणि त्यांनी शहरावर अवनतीचा शिक्का मारला. पुढच्या पिढीनं तेच अवशेष पुन्हा पाहिले. त्या ओबडधोबड भिंतींवर एके काळी चुन्याचा जाड गिलावा होता, गिलाव्यावर रंगीत चित्रं होती. मीठ, कापूस, मध आणि कोको यांचा व्यापार किनाऱ्याकिनाऱ्यानं दूरवर चालत होता. लोक तेच होते. त्यांनी आपली ताकद दुसऱ्या कामात घातली होती.

मग स्पॅनिश आले. १५४२ साली त्यांनी मेरिदा वसवलं. १५६२च्या जुलैमध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्यानं माया पोथ्यांची होळी केली. आज जगात त्यांच्या चारच पोथ्या उरल्या आहेत. इथंच ग्रंथ मिटवायचा मोह कुणालाही होईल. नॅन्सी फॅरिस यांच्यासारख्या इतिहासकारांनी तो मिटवला नाही. त्यांना दिसलं, की माया लोक रोमन लिपी शिकले आणि आपल्याच भाषेत मृत्युपत्रं, खरेदीखतं, तक्रारअर्ज लिहीत राहिले. गावोगावी त्यांनी 'चिलाम बालाम'च्या पोथ्या ठेवल्या. एका सरोवरातल्या बेटावरचं त्यांचं शेवटचं राज्य तर १६९७पर्यंत टिकलं. ज्या लांदानं पोथ्या जाळल्या, त्यानंच माया अक्षरांचं एक अर्धंमुर्धं टाचण करून ठेवलं होतं. त्याच टाचणाचा धागा धरून युरी क्नोरोझोव्हनं १९५२ साली ती लिपी वाचण्याची वाट काढली. राज्यकर्त्याचा कागद प्रजेच्या बाजूनं वाचता येतो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

तुलना ताणायची नाही. स्पॅनिशांबरोबर आलेल्या रोगराईनं तिथं जो संहार केला, तसं इथं घडलेलं नाही. आणि आपल्याकडे सुलतानी आली तरी गावचं दप्तर मराठीतच राहिलं. म्हणून तर आपली हयगय अधिक बोचते. तिथल्या इतिहासकारांच्या हाती चार पोथ्या आणि रोमन लिपीतले कागद होते, आणि त्यांनी एक अख्खा काळ उभा केला. आपल्याकडे जुन्या कागदांचे रुमालांवर रुमाल पडून आहेत.

या काळात इथं होतं काय? दासोपंतांचंच घ्या. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. अंबाजोगाईला त्यांची पासोडी आहे : जवळपास चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेलं पंचीकरण. गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. स्मरणिकांना हे माहीत असतं, पण त्या दासोपंतांना 'अंधारातला दीप' करून पुढे जातात. दासोपंतांचे वडील देशपांडे होते, बीदरच्या बरीदशाहीला सारा भरणारे. दुष्काळात सारा थकला, मुलगा ओलीस राहिला, आणि 'दत्ताजी पाडेवार' नावाचा एक महार येऊन बीदरच्या खजिन्यात रक्कम भरून गेला, अशी कथा. आता हिच्याशेजारी मंगळवेढ्याच्या दामाजींची कथा ठेवा. तिथंही दुष्काळ, तिथंही बीदर, तिथंही थकलेला सारा, आणि विठू महाराच्या रूपात आलेला देव.

भक्तीची कथा म्हणून आपण दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या. त्या एकदा महसुलाच्या कथा म्हणूनही ऐकायला हव्यात. सारा रोखीत भरायचा आहे. वसुलीची जबाबदारी मराठी वतनदाराच्या मानेवर, आणि ती इतकी जातीनिशी की पोटचं पोर तारण राहतं. दुष्काळात धान्याचं कोठार उघडायचं की सरकारजमा राखायचं, हा पेच रोजचा आहे. आणि गावचा पैसा खजिन्यापर्यंत सांभाळून नेणं हे खरोखरच महाराच्या वतनी कामांपैकी एक होतं. म्हणजे देवानं रूप घेतलं ते बीदरच्या दरवाज्यावर पैशाची थैली घेऊन येणाऱ्या, पहारेकऱ्यांच्या रोजच्या ओळखीच्या माणसाचं. त्या माणसाचं स्वतःचं नाव कुठल्याच दप्तरानं मोठ्या अक्षरात लिहिलं नाही. लोककथेनं त्याला देवाच्या जागी बसवलं. पंधराव्या-सोळाव्या शतकातला गाव, वतनदार, महार आणि सुलतान यांच्यातला सगळा ताण या दोन कथांत आहे, आणि आपली स्थानिक इतिहासाची पुस्तकं त्याला चमत्कार म्हणून मोकळी होतात.

माहूरकडे वळलं की महानुभाव येतात. यादवांचं राज्य गेल्यावरच्या शतकात या पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले. पुढे पाच-सहाशे वर्षं पंथाबाहेरच्या कुणाला ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा लीळाचरित्राची मराठी आपल्यासमोर आली. एका समाजानं आपलं संचित जपायला लिपीच नवी घडवली, ही या 'अंधारा'तली घटना आहे. बीदरच्या बाजूला शाह मुंतोजी मराठीत वेदान्त लिहीत होते. कपिलधारला समाधी असलेले मन्मथस्वामी 'परमरहस्य'मधून वीरशैव विचार मराठीत आणत होते, आणि लातूर-नांदेडच्या लिंगायत घरांत तो ग्रंथ आजही नित्यपाठात आहे. कंधारला हाजी सरवर मगदूमांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. रा. चिं. ढेऱ्यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' लिहून या सगळ्याचं दार उघडलं. त्या दारातून आत किती जण गेले?

नांदेडचंही तेच. शाहजहानच्या काळात मोगलांच्या तेलंगणा सुभ्याचं मुख्य ठाणं नांदेड होतं, आणि त्या सुभ्याचा किल्ला कंधार. ही गोष्ट ध्यानात घेतली, की गुरू गोविंदसिंहांचा प्रवास १७०८ साली गोदाकाठी का थांबला हे कळायला लागतं. ते ज्या बादशहा बहादूरशहाबरोबर येत होते, त्याची छावणी ज्या वाटेनं दक्षिणेत उतरत होती, तिच्यावरचं हे मोठं ठिकाण होतं. पुढे १८३० ते १८४० या दशकात रणजितसिंहांच्या पैशातून आणि कारागिरांकडून सचखंड गुरुद्वारा उभा राहिला, तोही निजामाच्या मुलखात. लाहोर, हैदराबाद आणि गोदावरी यांना जोडणारं हे केवढं मोठं प्रकरण आहे! मी वाचलेल्या पुस्तकांत त्याला यात्रेकरूंच्या माहितीइतकीच जागा मिळाली. उदगीर तर ३ फेब्रुवारी १७६०च्या लढाईपुरतंच जिवंत असतं. सदाशिवराव भाऊसाहेब निघून गेले की आपल्या इतिहासकारांसाठी गाव पुन्हा ओसाड.

हे काम कसं करायचं याचा वस्तुपाठ आपल्याच मातीतला आहे. सेतुमाधवराव पगडी १९१० साली निलंग्यात जन्मले. हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरीत त्यांनी फारसी-उर्दू कागद रोज हाताळला. गोंडी आणि कोलामी शिकून त्यांवर लिहिलं. 'मोगल दरबारची बातमीपत्रे' त्यांनी मराठीत आणली. भीमसेन सक्सेनाची फारसी बखर मराठीत आणली. हा भीमसेन दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून आयुष्यभर दक्षिणेत फिरलेला कायस्थ कारकून. लढायांच्या जोडीला तो धान्याचे भाव, दुष्काळ, तीर्थं, रस्ते टिपतो. मोगल छावणीतल्या माणसाच्या लेखणीतून आपल्या शेतकऱ्याचं दुःख बाहेर येतं, आणि ते आपल्यापर्यंत पोचवतो निलंग्याचा माणूस. पगडींच्या लिखाणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा धीर. फारसी कागद शत्रूचा म्हणून त्यांनी टाकला नाही आणि दरबारचा म्हणून डोक्यावरही घेतला नाही. त्यांनी तो उलटतपासला. मराठवाड्याच्या इतिहासलेखनाची ही खरी थोर परंपरा आहे, आणि तिला आज वारस जवळजवळ नाहीत.

नरहर कुरुंदकर आणि अनंत भालेराव यांची गोष्ट वेगळी. त्यांनी मुक्तिसंग्रामावर लिहिलं ते त्यातून गेलेल्या पिढीच्या अधिकारानं, आणि त्यांचा विषयच तो होता. त्यांच्यानंतर आलेल्यांनी निष्कर्ष उचलले आणि वाचनाची शिस्त खाली ठेवली. बाकी प्रवाहांविषयी फार लिहावं असं नाही. किल्ल्यांची छायाचित्रपुस्तकं देखणी आहेत आणि त्यांत माणूस नाही. घराण्यांचे इतिहास वंशावळीपाशी थांबतात. ऐतिहासिक कादंबऱ्यांना या भागाशी कर्तव्यच नाही.

हे बोललं की एक आक्षेप ठरलेला : तुम्हाला निजामाचे गोडवे गायचे आहेत. मी माझ्याच गावात हे ऐकलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत. जहागिरीखालची पिळवणूक खरी आहे. मराठी शाळांची उपासमार खरी आहे. पण जुलूम समजून घ्यायचा तर त्याची यंत्रणा समजायला हवी. पाटील-कुलकर्ण्यांपासून जहागीरदारापर्यंत सारा कोणत्या हातांतून चढत गेला? त्यांतले किती हात मराठी होते? गौरवग्रंथ ज्या देशमुखी घराण्यांचा गौरव करतात, त्यांची सनद कुणाच्या शिक्क्याची आहे? 'परकीय सत्ता' म्हटलं की हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात, आणि ते संपावेत अशी पुष्कळांची सोय आहे. अंधार म्हटला की त्यात स्वतःच्या पणजोबाचा हिशेबही दिसत नाही.

आणि शेवटचं पान १७ सप्टेंबरलाच का फाटतं? पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत काय घडलं, हे पाहायला केंद्र सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावं घेतली आहेत. आजच्या लातूर जिल्ह्याचा लातूर-औसा भाग तेव्हा उस्मानाबादेत होता, उदगीर-निलंगा भाग बीदरमध्ये. एकूण संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज. त्या अंदाजावर वाद घाला, पुरावे मागा, खोडून काढा. पण मी वाचलेल्या पुस्तकांपैकी एकातही त्या समितीचं नाव नाही. आपल्याच शेजाऱ्यांचं मरण ज्या इतिहासात बसत नाही, त्याला मी मुक्तीचा इतिहास म्हणणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. तिथं आणि लातूरच्या महाविद्यालयांत इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मोडी आणि फारसी दोन्ही शिकवा, एकाच वर्गात, एकाच कागदावर. मोडी आपली आणि फारसी त्यांची ही वाटणी कागदानं कधीच मानली नाही. दक्षिणेतल्या सुलतानांची कितीतरी फर्मानं द्विभाषिक आहेत. आपण त्यांतला अर्धा भाग वाचतो आणि त्याला इतिहास म्हणतो. १९९३च्या भूकंपात दगडमातीचे वाडे कोसळले तेव्हा त्यांतल्या देवळ्यांतले, पेट्यांतले कागदही मातीत गेले असणार. उरलेल्यांना वाळवी लागते आहे, रद्दीवाला दारात येतो आहे.

दोन वर्षांमागे कंधार तालुक्यातल्या एका घरी म्हातारबाबांनी माळ्यावरून एक रुमाल काढून माझ्यासमोर सोडला. आत जुनाट, घडीवर फाटलेला एक कागद होता : वर फारसी, एक शिक्का, आणि खाली मोडी. त्यांनी विचारलं, "मालक, यात आमच्या विहिरीचं काही हाय का?" खालच्या मोडीत विहिरीचा उल्लेख होता, पाळीचाही होता. पाळी कुणाची, कोणत्या अटीवर, हे वर लिहिलेलं असावं. बाबांना मी तेवढंच सांगू शकलो. कागदाची छायाचित्रं माझ्याकडे आहेत, आणि वरच्या सात ओळी वाचून देणारा माणूस मी अजून या दोन जिल्ह्यांत शोधतो आहे.