मसाजच्या नोट्समधली तीन वाक्यं: लॅक्टिक ॲसिड, ३१ टक्के आणि टॉक्सिन

स्पा आणि मसाज थेरपीच्या कोर्सच्या नोट्स, माहितीपत्रकं किंवा रील्स बघितल्या तर तीन वाक्यं वारंवार भेटतात. एक, मसाजने स्नायूंत साचलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. दोन, मसाजने कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हॉर्मोन, ३१ टक्क्यांनी कमी होतं. तीन, मसाजने शरीरातले टॉक्सिन बाहेर पडतात. विद्यार्थी ही वाक्यं पाठ करतात आणि नोकरीला लागल्यावर ग्राहकालाही तीच सांगतात.

आज ही तीन वाक्यं तपासूया. पेट किंवा नेटच्या रिसर्च मेथडॉलॉजीत आपण 'कंट्रोल ग्रुप'ची व्याख्या घोकतो, पण कंट्रोल नसला तर नेमकं काय बिघडतं हे अशा उदाहरणात दिसतं. आणि विषय आपल्या भागातला आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या रिसॉर्टमध्ये स्पा आहेत. सातारा-सांगलीकडची मुलं-मुली काही महिन्यांचा कोर्स करून तिथे, पुण्यात किंवा गोव्यात कामाला लागू शकतात. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. ब्युटी अँड वेलनेस क्षेत्राच्या स्किल कौन्सिलने 'सहायक स्पा थेरपिस्ट', 'स्पा थेरपिस्ट' असे जॉब रोलही ठरवले आहेत. म्हणजे हा व्यवसाय आता कागदावर आला आहे. मग त्याच्या कागदावरचं विज्ञान तपासलंच पाहिजे.

तालमीत काय म्हणतात?

आपल्याकडे मालिश नवीन नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. या दोन्ही जिल्ह्यांत तालमी आहेत आणि मेहनत झाली की एकमेकांच्या अंगाला तेल लावून रगडणं हा तिथल्या दिनक्रमाचा भाग. ते शिकवायला नोट्स नसतात. वस्तादाचं ऐकून आणि थोरल्या पैलवानाचा हात बघून ते येतं. मालिश का करायची असं विचारलं तर साधं उत्तर मिळतं: अंग मोकळं होतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यात कारण सांगितलेलं नाही, फक्त परिणाम सांगितलाय. नोट्समधल्या तिन्ही वाक्यांत कारण सांगितलंय. परिणामाचा दावा आणि कारणाचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांचा पुरावा वेगवेगळा लागतो.

पहिलं वाक्य: लॅक्टिक ॲसिड

इथे लॅबमध्ये जायच्या आधी नुसती वेळ तपासा. जोरदार व्यायामानंतर रक्तातलं लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं, मसाज करा किंवा करू नका. अंग दुखायला लागतं दुसऱ्या दिवशी. ते दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वात जास्त असतं. जी गोष्ट कालच निघून गेली ती आजच्या दुखण्याचं कारण कशी असेल?

आता प्रयोग बघू. २०१० साली कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीच्या गटाने १२ जणांना हाताच्या मुठीचा जोरदार व्यायाम करायला लावला आणि नंतर तीन प्रकारे विश्रांती दिली: नुसतं स्वस्थ बसणं, हलका व्यायाम आणि मसाज. मसाजने लॅक्टिक ॲसिड लवकर निघालं नाहीच, उलट त्या वेळचा रक्तप्रवाह आणि निचरा कमी झाला. कारण सोपं आहे: दाब दिला की रक्तवाहिनीही दाबली जाते.

२०१२ साली मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या गटाने ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, प्रत्येकाच्या एकाच पायाला १० मिनिटं मसाज केला आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. मसाज केलेल्या पायात दाह वाढवणारे काही संकेत कमी दिसले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. या प्रयोगाची रचना नीट बघा. एकाच माणसाचा एक पाय प्रयोगासाठी, दुसरा कंट्रोल. त्यामुळे वय, आहार, झोप, व्यायामाची सवय हे सगळे फरक आपोआप बाद होतात. मर्यादाही बघा: ११ माणसं, सगळे तरुण पुरुष. त्यावरून पन्नाशीतल्या बाईच्या गुडघ्याबद्दल काही बोलता येणार नाही.

दुसरं वाक्य: ३१ टक्के

हा आकडा हवेतला नाही. मायामी युनिव्हर्सिटीत टिफनी फील्ड यांनी १९९२ साली टच रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू केली. मसाजचा शास्त्रीय अभ्यास रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या गटाने २००५ साली आपल्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला आणि कॉर्टिसोल सरासरी ३१ टक्के कमी झाल्याचं लिहिलं. तो आकडा मग सगळीकडे गेला.

२०११ साली ख्रिस्तोफर मोयर आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नावरचे अभ्यास पुन्हा मोजले. त्यांचा निष्कर्ष: कॉर्टिसोलवर मसाजचा परिणाम फार लहान आहे, आणि बऱ्याचदा तो शून्यापेक्षा वेगळा आहे असंही म्हणता येत नाही.

एवढा फरक का? खेळ तुलनेत आहे. समजा (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत) मसाज गटात कॉर्टिसोल २० वरून १४ वर आलं. घट ३० टक्के. पण शेजारच्या खोलीत जो गट नुसता मासिक वाचत बसला होता, त्याचं २० वरून १४.५ वर आलं. मग मसाजचा परिणाम किती? ६ नाही, ०.५. कॉर्टिसोल सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात आपोआप उतरतं. शिवाय नवीन जागी, नवीन माणसांत आल्यावर वाढलेला ताण थोडं बसल्यावर कमी होतोच. 'आधी आणि नंतर'मध्ये हे सगळं मिसळलेलं असतं. 'या गटात आणि त्या गटात' अशी तुलना केली की ते वेगळं होतं.

पेपर वाचताना कुठेही 'इतके टक्के सुधारणा' दिसली की पहिला प्रश्न हाच: कुणाच्या तुलनेत?

तिसरं वाक्य: टॉक्सिन

यावर वाद घालणं सर्वात अवघड, कारण ते तपासताच येत नाही. कोणतं टॉक्सिन? रक्तात मोजायचं की लघवीत? आधी किती होतं, नंतर किती? पदार्थाचं नावच सांगितलं नाही तर दावा खोटा ठरवायची सोय उरत नाही. यकृत आणि मूत्रपिंड हे काम रोज करत असतात.

मग मसाज निरुपयोगी का?

अजिबात नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मेटा-ॲनालिसिसमध्ये २९ अभ्यास आणि १,०१२ माणसं होती. मसाजने ताकद, उडी, धावण्याचा वेग किंवा दमसास वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. पण लवचिकता आणि नंतरची अंगदुखी यांत लहान का होईना, फायदा दिसला. आणि कॉर्टिसोलचा आकडा खाली आणणारे तेच मोयर २००४ साली ३७ अभ्यासांचं विश्लेषण करून सांगतात की, मसाजची अनेक सत्रं घेतल्यावर चिंता आणि नैराश्य यांत चांगली घट दिसते.

म्हणजे तालमीतलं 'अंग मोकळं होतं' हे वाक्य टिकलं. नोट्समधली तीन मात्र टिकली नाहीत.

फायदा होतोय ना, मग कारण चुकलं तर काय बिघडलं?

हा आक्षेप रास्त आहे, आणि माझी मुख्य तक्रार नेमकी इथेच आहे. कारणाची समजूत हाताला दिशा देते. दुखणं म्हणजे काहीतरी साचलंय आणि ते रगडून काढायचं असतं, असं शिकलेली मुलगी दुखेल तिथेच जास्त दाब देणार.

आता मुंबईहून पाच-सहा तास गाडीत बसून महाबळेश्वरला आलेला ग्राहक डोळ्यांसमोर आणा. म्हणतो, एकाच पायाची पोटरी दुखतेय, जरा सुजलीय, गरम लागतेय. 'साचलंय' या समजुतीने तिथे जोरात मसाज होईल. पण ही लक्षणं पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचीही असतात. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. चार तासांपेक्षा जास्त प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. मुळात धोका कमी असतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण त्या ग्राहकाला 'आधी डॉक्टरांना दाखवा' म्हणणं हेच त्या वेळचं कौशल्य आहे. तसंच मधुमेहाचं. पायाची संवेदना गेली असेल तर गरम दगड भाजतोय हे ग्राहकालाच कळणार नाही.

वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंगाचे फायदे सांगितले आणि लगेच तो कुणी करू नये हेही सांगितलं: कफ वाढलेला, नुकतंच शोधन झालेला, अजीर्ण असलेला. त्याची कारणमीमांसा आपण आज वेगळ्या भाषेत मांडू, पण क्रम बघा. उपयोग सांगितला की लगेच निषेध. जॉब रोलच्या मानकांत कामाची जागा तयार ठेवणं, सुरक्षितता, चांगली छाप पाडणं असे घटक आहेत, ते हवेतच. पण 'या माणसाला आज हात लावायचा नाही' हे ओळखायला सराव लागतो. त्याला तास द्यायला हवेत.

मग नोट्समध्ये ही वाक्यं येतात कशाला? मला वाटतं, प्रतिष्ठेसाठी. 'मसाज' शब्द ऐकला की घरचे बिचकतात, मुलीला पाठवायला नको म्हणतात. मग शास्त्रीय शब्दांची शाल पांघरली जाते. ही गरज खरी आहे आणि तिची चेष्टा करण्यात अर्थ नाही. पण ही शाल एका पेपरने फाटते. नर्सला मान मिळतो तो धोका ओळखता येतो म्हणून. थेरपिस्टलाही तो तसाच मिळेल.

संशोधनाला वाव कुठे?

विषय शोधत असाल तर दोन प्रश्न देतो. तालमीत रोज मालिश होते. एकाच पैलवानाच्या एका पायाला मालिश, दुसऱ्याला नाही, आणि २४, ४८, ७२ तासांनी दुखण्याची नोंद. खर्च फारसा नाही. फक्त एथिक्स कमिटीत एक प्रश्न नक्की येईल: वस्तादांनी सांगितलं म्हणून पैलवान 'हो' म्हणाला, तर ती संमती धरायची का? दुसरा प्रश्न थेरपिस्टच्या स्वतःच्या शरीराचा. दिवसाला पाच-सहा ग्राहक करणाऱ्या मुलीचा अंगठा आणि मनगट किती वर्षं टिकतं? ग्राहकाला काय फायदा होतो यावर बरेच पेपर आहेत. जिच्या हातांवर हा व्यवसाय चालतो तिलाही एकदा मोजूया.