'सिंहासना'स न दिसलेली उमेदवार

अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' ह्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी 1979 साली काढलेला 'सिंहासन' हा चित्रपट मराठीतील राजकीय कलाकृतींत अग्रगण्य होय, ह्याविषयी आमचा कोणाशी वाद नाही. परंतु डोंबिवलीस एका स्नेह्यांच्या घरी तो पुन्हा पाहत असता यजमानीणबाईंनी सहज विचारले, "ह्यात निवडणूक लढवणारी बाई कोठे आहे हो?" आम्हांस उत्तर देता आले नाही. बंड, फितुरी, डावपेच सारे पुरुषांचे. स्त्री दिसते ती कोणाची सून किंवा पत्नी म्हणून.

तशी स्त्री त्या काळी नव्हतीच म्हणावे, तर मृणाल गोरे 1961 साली मुंबई महापालिकेत, 1972 साली विधानसभेत व 1977 साली लोकसभेत निवडून गेल्या होत्या. नळाच्या पाण्यावरून उठलेले त्यांचे राजकारण लेखक-दिग्दर्शकांच्या डोळ्यांसमोर होते.

चित्रपटाने सत्तेचा दरबार दाखविला व दरबारात स्त्रिया नव्हत्या, असा बचाव कोणी करील. तो अगदीच पोकळ नाही. 2024 च्या विधानसभेतही 288 पैकी अवघ्या 21 स्त्रिया निवडून आल्या. परंतु दरबाराच्या खाली जे चालते त्यात खरे नाट्य आहे. 2011 पासून महापालिकांत निम्म्या जागा स्त्रियांस राखीव आहेत. 2017 साली मीनाक्षी शिंदे ठाण्याच्या महापौर झाल्या. पुढचा जिना मात्र अरुंद. कल्याण लोकसभा मतदारसंघात 2009 पासूनच्या चारही निवडणुका पुरुषांनीच जिंकल्या. 2024 साली माजी नगरसेविका वैशाली दरेकर तेथे पराभूत झाल्या.

आरक्षणाची सोडत निघते, जागा स्त्रियांकडे जाते, आणि पुष्कळदा पुढारी प्रथम स्वतःच्या घरातच उमेदवार शोधतो. पुढल्या सोडतीत जागा खुली झाली की तिकीट पुन्हा त्याच्याकडे. मधल्या पाच वर्षांत गटारे, दाखले, पाण्याच्या वेळा शिकलेल्या बाईचे काय? 1951-52 च्या निवडणुकीत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. कारण त्यांनी आपली ओळख 'अमक्याची पत्नी' एवढीच सांगितली होती. आज नाव यादीत असते, पण फलकावर शेजारी पतीचे छायाचित्र लागतेच. पक्षाची बैठक रात्री नऊला. आठच्या लोकलने उतरलेल्या बाईस तोवर घरची चूल आटोपायची असते. (आमच्याही घरी बैठकीस जाणारे आम्ही व चहा करणाऱ्या गृहिणी, हे येथे कबूल केले पाहिजे.)

ह्या चित्रपटातील वार्ताहर दिगू टिपणीस मंत्र्यांच्या मागे धावण्याऐवजी एक दिवस कल्याणच्या आरक्षण सोडतीस जाऊन बसता, तर त्यास ह्याहून निराळी व अधिक अवघड कथा सापडली असती.