तंजावरचा भोसले-वंशचरित्राचा शिलालेख : एक परामर्श

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनीं १८०३ सालीं कोरविलेलें भोसले वंशाचें मराठी चरित्र अभ्यासकांस सुपरिचित आहे. त्यांतील वंशावळ कितपत ग्राह्य व हकीकती इतर साधनांशीं कितपत जुळतात, एवढेंच पाहण्याची रूढि आहे. ही परीक्षा अवश्यच होय. शिवछत्रपतींच्या निधनानंतर सव्वाशें वर्षांनीं झालेल्या लेखास समकालीन कागदाची योग्यता देतां येणार नाहीं. तथापि तो केव्हां, कोठें व कोणासाठीं कोरला, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

व्यंकोजी राजांनीं १६७६ च्या सुमारास तंजावरीं राज्य स्थापिलें. १७९९ च्या तहानें त्या राज्याचा कारभार कंपनीकडे जाऊन सरफोजींच्या हातीं किल्ला व आसपासचा थोडा मुलूख तेवढा उरला. म्हणजे हा लेख विजयाचा नव्हे. सत्ता गेल्यावर चारच वर्षांनीं, आपण कोण हें घराण्यानें दगडाकडून वदविलें आहे. जागा राजराज चोळाच्या मंदिराची, जेथील भिंती तमिळ लेखांनीं भरल्या आहेत; भाषा मात्र भोंवतालच्या बहुसंख्य प्रजेस न समजणारी. तेव्हां त्याचा वाचक स्वजन व पुढील पिढ्या हाच संभवतो. यावरून हें घराणें तेथें उपरेंच राहिलें असें मात्र मानूं नये. याच वंशांतील शहाजी राजांनीं (१६८४–१७१२) मराठीप्रमाणें तेलुगूंतही नाटकें रचलीं. स्वतःची भाषा जपणें व शेजाऱ्याची आपलीशी करणें यांत त्या दरबारास विरोध दिसला नाहीं.

लेखाचें मोठें वैगुण्य निराळेंच आहे. राजकुळापलीकडे त्याची दृष्टि जात नाहीं. त्याच्याबरोबर दक्षिणेंत गेलेले शिपाई, कारकून, कीर्तनकार यांचें चरित्र कोणीं कोरलें नाहीं. परंतु १८५५ सालीं राजे औरस पुत्रावांचून वारले, संस्थान खालसा झालें, आणि मराठी टिकली ती या घरांतच. आजही तेथें बोलली जाणारी दक्षिणी मराठी तमिळच्या संसर्गानें बदललेली आहे. तिला अशुद्ध म्हणून बाजूस सारणें हें संशोधन नव्हे. तो बदल हाच तिच्या वसाहतीचा दाखला होय.

नागपुरास हा विचार परका नाहीं. त्याच १८०३ सालीं देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांच्या हातून कटक प्रांत गेला. पुढें १८५४ सालीं नागपूरचें राज्यही खालसा झालें. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत छत्तीसगडांत रतनपुरीं राहिले. त्यांनीं बांधलेलें राममंदिर ज्या टेकडीवर आहे, तिचें रामटेकरी हें नांव ऐकून नागपूरकरांस रामटेक आठवल्यावांचून राहत नाहीं. त्यांच्या स्वाऱ्या व तह आम्हीं पुष्कळ तपासले. रतनपूर, रायपूर, बिलासपूर येथील मराठी घरांची बोली, नांवें, कुळाचार व घरगुती दप्तरें यांची तितकीच कसून नोंद होणें अवश्य आहे. दगड टिकेल, बोली बोलणाऱ्यांबरोबर जाते.