टॅब हाच मुख्य संगणक : मराठी सर्जनशील लेखनाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

लेखनाचे साधन बदलले की लेखनाचे रूपही बदलते, हा अनुभव मराठीला नवा नाही. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर शिरोरेषा ओढून घेई आणि टाक शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडीत जाई. या लिपीचा वेग तिच्या साधनाशी आणि लिहिण्याच्या रीतीशी निगडित होता. 1805 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात मुद्रण रुळत गेले, तसतशी बाळबोध लिपी छापील व्यवहाराची लिपी म्हणून स्थिर झाली आणि मोडी मागे पडली. टंकलेखन यंत्र, डी.टी.पी. आणि संगणक हे याच क्रमातील पुढचे टप्पे होत. टॅब हा त्यातील अलीकडचा टप्पा आहे.

'सर्जनशील कामासाठी टॅब हा मुख्य संगणक होऊ शकतो काय?' असा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. हा प्रश्न विचारणाऱ्यापाशी बहुधा दुसरा संगणक असतो. तो दोहोंची तुलना करतो आणि सोयीचा तो निवडतो. विंचूर हे निफाड तालुक्यातील, नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील गाव. लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारामुळे ते कांदा उत्पादकांना परिचित आहे. अशा गावातील विद्यार्थ्यासमोर पुष्कळदा ही निवड नसतेच. घरात मोबाइल असतो, क्वचित टॅब असतो. टेबलावरचा संगणक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा टंकलेखनाच्या दुकानात असतो. त्याच्यापुरता टॅब हा आधीच मुख्य संगणक झालेला आहे. म्हणून प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो : या साधनावर मराठीत काय निर्माण करता येते, कोठपर्यंत नेता येते, आणि ते कोठे अडते?

प्रस्तुत लेखात सर्जनशील लेखनाचे चार टप्पे कल्पिले आहेत : टिपण, रचना, पुनर्लेखन आणि प्रसिद्धी. प्रत्येक टप्प्यावर टॅबची कसोटी पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका : ग्रहणाचे साधन की निर्मितीचे?

अ‍ॅलन के यांनी 1972 मध्ये 'डायनाबुक' या वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. ती मुख्यतः मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. मुलाने या यंत्रावर वाचावे, तसेच लिहावे, चित्र काढावे आणि स्वतः आज्ञावली रचावी, हा तिचा गाभा होता. यंत्र प्रत्यक्षात आले नाही, परंतु कल्पनेने एक निकष घालून दिला. जे साधन केवळ घ्यायला शिकवते आणि करायला शिकवत नाही, ते अपुरे होय.

आपल्याकडील 'आकाश' टॅबचे उदाहरण या निकषावर पाहण्यासारखे आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. सात इंची पडदा, 366 मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, 256 मेगाबाइट स्मृती आणि सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास सरकारी खरेदी किंमत, असे त्याचे स्वरूप होते. त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे. त्यावरील अँड्रॉइड 2.2 प्रणालीत देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळत नसत. 2011 च्या अखेरीस आलेल्या 4.0 आवृत्तीनंतर हे चित्र पालटू लागले. म्हणजे भारतीय विद्यार्थ्यासाठी म्हणून जे यंत्र काढले गेले, त्याला आरंभी त्या विद्यार्थ्याची लिपीच धड येत नव्हती. ते व्याख्याने पाहण्यासाठी आणि पाठ्यसामग्री वाचण्यासाठी कल्पिलेले होते. पुढे प्रकल्प आय.आय.टी. मुंबईकडे आल्यावर त्यावर सी, पायथॉन, सायलॅब यांत आज्ञावली लिहिण्याची सोय करण्यात आली. ही दिशा डायनाबुकच्या निकषाला धरून होती, पण तोवर योजनेचा भर ओसरत चालला होता.

अलीकडे महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेने जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या पूर्वतयारीसाठी इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना टॅब आणि इंटरनेट डेटा पुरवला. योजनेचा लाभ निर्विवाद आहे. तथापि येथेही टॅब येतो तो परीक्षेचा पाठ ग्रहण करण्यासाठी. त्यावर कथा लिहिता येते किंवा गावाचा इतिहास संकलित करता येतो, याकडे योजनेचे लक्ष असण्याचे कारण नाही. भाषेच्या अध्यापकाचे लक्ष मात्र त्याकडे असावयास हवे.

टिपण आणि रचना : लिपीचा प्रश्न

लेखनाच्या पहिल्या टप्प्यावर टॅब संगणकाहून सरस ठरतो, असे प्रतिपादन करता येईल. तो शेतावर नेता येतो आणि वीज गेली तरी काही तास चालतो. एकाच पृष्ठावर छायाचित्र, ध्वनिमुद्रण आणि टिपण ठेवता येते. लोकगीतांचे किंवा बोलीतील म्हणींचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून सोयीचे साधन नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कळफलकाची आहे. टंकलेखन यंत्राने देवनागरीला इंग्रजी यंत्राच्या साच्यात बसवले. अक्षरांचे तुकडे करून ते मोजक्या कळांवर विखुरले. रेमिंग्टन पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागते, म्हणजे हात उच्चाराच्या उलट क्रमाने चालतो. स्पर्शपडद्यावर कळा पक्क्या नसतात, त्यामुळे ही सक्ती उरली नाही. आय.आय.टी. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेला 'स्वरचक्र' हा कळफलक 2013 मध्ये उपलब्ध झाला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती बाराखडीचे चक्र उघडते आणि बोट सरकवून स्वर निवडता येतो. पाटीवर गिरवलेली बाराखडीच येथे टंकलेखनाची रीत बनली. ज्याने कधी टंकलेखन शिकलेले नाही, त्यालाही हा कळफलक ओळखीचा वाटतो. कळा पक्क्या असलेल्या संगणकावर हे शक्य नव्हते.

मात्र सर्वच सोयी लेखनाला पोषक आहेत असे नाही. 2017 मध्ये गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टंकण्याची सोय केली. तिने अनेकांना लिहिते केले, हे खरे. परंतु बोलून उतरवलेल्या गद्यात विरामचिन्हे विरळ असतात, वाक्ये एकमेकांत मिसळतात आणि यंत्र प्रमाण रूपाकडे ओढते. 'म्हन्ला' असे पात्राने म्हटले, तरी यंत्राचा कल 'म्हणाला' लिहिण्याकडे असतो. ग्रामीण कथेत संवादाची बोली हाच आशयाचा भाग असतो. तेथे लेखकाला दर ओळीला यंत्राशी झगडावे लागते; जो झगडत नाही, त्याच्या कथेतील माणसे एकाच सुरात बोलू लागतात.

'ऱ' चेही असेच. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद मराठीचा स्वतःचा आहे. पुष्कळ कळफलकांवर 'ऱ' दुसऱ्या कळेमागे दडलेला असतो आणि विद्यार्थी त्याच्याविना काम भागवतात. दोष साधनाचा थोडा आणि आपल्या अध्यापनाचा अधिक आहे, कारण हे अक्षर कोठे सापडते ते आपण वर्गात कधी दाखवत नाही.

चित्रकाराची स्थिती याहून बरी आहे. डेव्हिड हॉकनी यांनी 2010 पासून आयपॅडवर चित्रे काढली आणि 2012 मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत त्यांच्या मोठ्या मुद्रित प्रती मांडल्या. चित्रकाराला कळफलक लागत नाही. रेषेला लिपीचा संकेत नसल्याने त्याचे काम यंत्राने अडत नाही. हस्तलेखनाला मात्र संकेत लागतो. आयपॅडवर लेखणीने लिहिलेले टंकात बदलण्याची सोय 2020 मध्ये आली, तेव्हा ती इंग्रजी आणि चिनीपुरतीच होती. एकाच यंत्रावर चित्रकार पूर्ण मोकळा आणि देवनागरीत हाताने लिहिणारा लेखक तिष्ठत, असा हा विरोधाभास होता.

पुनर्लेखन : पडद्याची मर्यादा

कविता, ललित लेख किंवा छोटी कथा टॅबवर आरंभापासून अखेरपर्यंत लिहिता येते. दीर्घ लेखनाची गोष्ट निराळी. कादंबरीचे प्रकरण किंवा प्रबंधाचा अध्याय तपासताना लेखकाला मागचे पान आणि पुढचे पान शेजारी पसरून पाहावे लागते. टॅबवर कळफलक उघडला की पडद्याचा बराचसा भाग झाकला जातो आणि काही परिच्छेदच दृष्टीस राहतात. जे दिसते तेवढेच सुधारले जाते. त्यामुळे वाक्य घोटीव होते, पण प्रकरणाचा तोल ढळलेला लक्षात येत नाही. सुटा कळफलक जोडल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते, तरी संपत नाही. दीर्घ लेखनाचा एक खर्डा कागदावर छापून तपासावा, हा जुना उपाय येथे आजही उपयोगी आहे.

प्रसिद्धी : अडथळा कोठे आहे?

आतापर्यंतच्या मर्यादा साधनाच्या होत्या आणि त्यांवर उपाय आहेत. चौथ्या टप्प्यावरची मर्यादा वेगळ्या जातीची आहे. महाविद्यालयीन नियतकालिके, चर्चासत्रांच्या स्मरणिका आणि शोधपत्रिका यांच्या निवेदनांत 'लेख कृती देव, श्रीलिपी किंवा डी.व्ही.बी.-टी.टी. सुरेख या टंकात पाठवावा' अशी सूचना वर्षानुवर्षे छापली जात आली आहे. तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

या जुन्या टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. कृती देवमध्ये टंकलेला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरेच असतो. टंक नसेल तेथे तो तसाच उमटतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा संकेत आहे, आणि ही व्यवस्था 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. टॅबवरील मराठी कळफलक युनिकोडमध्येच लिहितो. जुना टंक खटपट करून टॅबवर बसवला, तरी तो कळफलक त्या संकेतांत लिहिणार नाही. अर्थात उपरोक्त सूचनेचा व्यवहारातील अर्थ असा की, ज्याचा मुख्य संगणक टॅब आहे त्याने लेख पाठवू नये, किंवा पैसे देऊन तो दुसऱ्याकडून पुन्हा टंकून घ्यावा.

प्रस्तुत लेखकाला याचा अनुभव आहे. टॅबवर लिहिलेला एक लेख एका नियतकालिकाने केवळ टंकाच्या कारणास्तव परत केला. दुकानात तो पुन्हा टंकताना दोन ठिकाणी 'ऱ' चा रफार झाला आणि एक अवतरण अर्धे गळाले. छापून आल्यावर त्या चुका लेखकाच्या नावावर जमा झाल्या. एम.फिल.चा लघुप्रबंधही अशाच टंकात तयार झाला होता. त्याची तबकडी जपून ठेवलेली आहे, परंतु टॅबवर ती धारिका रोमन अक्षरांची रास म्हणून उघडते. स्वतःचेच लेखन स्वतःला शोधता येत नाही. टंक बदलून देणाऱ्या परिवर्तकांचा मार्ग आहे, पण दोन्ही पद्धतींत वेलांटी आणि रफार यांचा क्रम भिन्न असल्याने नेमक्या तेथेच चुका उरतात आणि मुद्रितशोधन नव्याने करावे लागते.

मुद्रकांची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्याकडील अनेक छापखाने पेजमेकरवर पाने लावीत आले. 2001 मध्ये आलेली त्याची सातवी आवृत्ती अखेरची ठरली आणि तिला युनिकोड देवनागरी हाताळता येत नाही. जुन्या टंकांचा आग्रह येथून आला आहे. त्यात दुष्ट हेतू नाही. तथापि इनडिझाइनमध्ये 2012 च्या सी.एस. 6 आवृत्तीपासून देवनागरीची जुळणी करता येते. एक टाइपचा 'मुक्त', गूगलचा 'नोटो' तसेच राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' व 'यशोवेणू' असे युनिकोड टंक मोफत उपलब्ध आहेत. तेव्हा तांत्रिक सबब आता पुरेशी नाही. उरते ती सवय, आणि तिची किंमत छापखाना किंवा संपादक देत नाही. गावातला नवा लेखक देतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

1. टिपण, संकलन, चित्र आणि लघुलेखन यांसाठी टॅब हा मुख्य संगणक म्हणून पुरेसा आहे. स्वरचक्रासारख्या कळफलकामुळे देवनागरीच्या बाबतीत तो काही अंशी संगणकाहूनही जवळचा आहे.

2. दीर्घ लेखनाच्या पुनर्लेखनासाठी तो एकटा पुरत नाही. सुटा कळफलक आणि छापील खर्डा यांची जोड आवश्यक आहे.

3. बोलून टंकणे आणि शब्द सुचवणे या सोयी बोलीभाषेतील लेखनाला प्रमाण रूपाकडे ओढतात. सर्जनशील लेखनाच्या अध्यापनात याची जाणीव द्यावयास हवी.

4. प्रसिद्धीच्या टप्प्यावरचा अडथळा साधनात नसून आपल्या संस्थांच्या सूचनापत्रात आहे, आणि तो दूर करण्यास वेगळ्या निधीची गरज नाही.

'टॅबवर गंभीर काम होत नाही' असे आपण प्राध्यापक कक्षात सहज म्हणतो. विद्यार्थ्याने टॅबवर लिहिलेली कथा महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी घेताना आपण ती युनिकोडमध्ये जशीच्या तशी स्वीकारतो, की 'दुकानातून टाइप करून आण' असे सांगतो, यावर त्या विधानाची सत्यता अवलंबून आहे. दुसऱ्या उत्तराने परत गेलेला विद्यार्थी पुष्कळदा पुन्हा येत नाही. येत्या वार्षिकांकाच्या निवेदनातील टंकाची ओळ बदलणे हे प्रत्येक संपादक मंडळाच्या हाती आहे, आणि आरंभ तेथून करता येईल.