इ. स. १६१६ आणि ओवीतला श्रोता

युरोपीय वाङ्मयेतिहासात १६१६ हे साल शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस यांच्या निधनामुळे नोंदले जाते. त्याच वर्षी गोव्यातील राशोल येथे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ मुद्रित झाले. त्या कालपटात त्याला क्वचितच स्थान मिळते. मराठी समीक्षेने त्याच्या भाषेचे कौतुक पुष्कळ केले, ओवीला मात्र धर्मप्रचाराचे निव्वळ वाहन मानले. ही मांडणी अपुरी आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’त सिद्ध झालेली ग्रंथओवी स्वतःबरोबर श्रोत्याचा अधिकारही आणते : त्याने शंका घ्यावी, वक्त्याने ती फेडावी. ‘क्रिस्तपुराणा’तील नवख्रिस्ती श्रोते पाद्रीगुरूला प्रश्न विचारतात, तेव्हा बायबलकथेला या जुन्या श्रोतृसभेपुढे उभे राहावे लागते. उत्तर आधीच ठरलेले असते, हे खरे (सत्ता पोर्तुगीजांची होती, याचा विसर पडू नये). तथापि प्रश्नाची जागा ओवीने राखलेली असते. खरी कोंडी आहे ती मुद्रणात. ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. ज्या घाटावरून ही ओवी आली, तेथील वाचकाला ती आपलीच ओवी त्या अक्षरांत ओळखू येण्यासारखी नव्हती.