वऱ्हाडचे देव आणि विलायती वाचक

दिवाळीच्या आवराआवरीत देवघरातले टाक चिंचेने घासणाऱ्या एखाद्या वऱ्हाडी आजीला विचारावे, ‘आजी, हे देव आले कुठून?’ तर ती म्हणेल, ‘कुठून म्हंजे? आपल्या घरचेच आहेत ना बाप्पा!’ तिच्या लेखी प्रश्न तिथेच संपतो. अकोल्यास कमिशनर म्हणून आलेल्या आल्फ्रेड लायल या इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखी मात्र तो तिथेच सुरू झाला. त्याचे उत्तर त्यांनी 1872 साली लंडनच्या ‘फॉर्टनाइटली रिव्ह्यू’ मासिकात छापले. ‘एका हिंदी प्रांताचा धर्म’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला हा निबंध पुढे 1882 साली ‘एशियाटिक स्टडीज’ या त्यांच्या ग्रंथात आला. तो प्रांत म्हणजे आपला वऱ्हाड.

लायलसाहेब इथे कसे आले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. 1853 च्या तहाने निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि आपल्या काळ्या मातीला एकदम मोल आले. 1867 पर्यंत आगगाडी अकोला, बडनेरा ओलांडून नागपुरास पोचली. कर्जाच्या कागदावर आलेली सत्ता रुळांवर पक्की झाली. त्या रुळांवरून कापसाचे गठ्ठे पश्चिमेकडे गेले, आणि लायलांच्या लेखणीतून वऱ्हाडचे देवही गेले. कापसाचे सूत होऊन परत आले, हे सर्वांना ठाऊक आहे. देवांचे काय होऊन परत आले, हे मात्र आपण फारसे तपासलेले नाही.

निबंधाचे गुण आधी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. युरोपातले पंडित त्या काळी संस्कृत पोथ्यांवरून हिंदू धर्म ठरवीत. लायलांनी पोथी बाजूला ठेवली आणि गावच्या शिवेकडे पाहिले. शेंदूर फासलेल्या दगडापासून थेट विष्णु-महादेवापर्यंत पूजेचे त्यांनी अकरा प्रकार लावले. मधल्या पायऱ्यांवर भयाने पुजलेली जनावरे आहेत, घरचे मेलेले पूर्वज आहेत आणि मरणानंतर देवपदाला चढलेले साधुपुरुषही आहेत. हा धर्म म्हणजे जुने अवशेष नव्हेत, इथे देव अजून घडत आहेत, हे त्यांनी ओळखले. 1870 साली वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध करणाऱ्या या माणसाची नजर तीक्ष्ण होती यात शंका नाही. मौज अशी की, निबंध निघाल्यानंतर सहाच वर्षांनी, 1878 मध्ये, शेगावी गजानन महाराज प्रकटले. जणू लायलांच्या म्हणण्याला साक्षच मिळाली!

तरीही निबंध मिटताना मनात एक बोच राहते. या शिडीवर वऱ्हाडी माणूस भितो, चकित होतो, नवस बोलतो; विचार करताना मात्र तो कुठेच दिसत नाही. विचार करायचा तो अकोल्याच्या बंगल्यातल्या साहेबाने, आणि वाचायचा लंडनच्या रसिकाने. वास्तविक अमरावतीहून जवळच रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात महानुभावांनी तिथे ‘लीळाचरित्र’ रचले. अनेक देवतांची उपासना सोडा, असे या पंथाने मराठीत सांगितले ते साहेबांच्या सहाशे वर्षे आधी! वर्गवारीच्या अकरा पायऱ्यांत देवांना जागा आहे; देवांबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला नाही.

आणि तो विचारणारा पुन्हा याच मातीत जन्मला. 1876 साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावे झाडली, आणि रात्री कीर्तनात दगडाच्या देवाची खुशाल चिकित्सा केली. त्यांनी आपली पूजा होऊ दिली नाही. कोणत्या पायरीवर बसवावे या माणसाला?

इथे कुणी म्हणेल, 1956 साली बाबा गेले आणि अमरावतीस त्यांची समाधी झाली, तिथेही लोक हात जोडतातच. मग लायलसाहेबच खरे ठरले ना? अर्धे खरे ठरले, हे कबूल केले पाहिजे. पण त्या समाधीपुढे हात जोडणारा माणूस भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र हा बाबांचा उपदेशही जाणतो. नमस्कार साहेबांना दिसला असता. त्यामागचा विचार विचारून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी त्या माणसाशेजारी ओट्यावर बसावे लागते.

सत्ता गेली, कमिशनरही गेले. पण त्यांचा चष्मा आपल्यापैकी पुष्कळांच्या नाकावर अजून आहे. शिकूनसवरून अमरावती-अकोल्यास, मुंबई-पुण्यास राहिलेले आपण सणाला गावी जातो, शिवेवरचा मरीमायचा दगड पाहतो आणि ‘भोळे लोक’ म्हणून हसतो. लायलांनी निदान नीट निरखून पाहिले होते. आपण तेही करीत नाही. म्हणून हा निबंध वऱ्हाडी माणसाने अवश्य वाचावा, आणि तो वाचून झाल्यावर या दिवाळीत आजीला तोच प्रश्न पुन्हा विचारावा. या वेळी मात्र तिचे उत्तर पुरे होईपर्यंत उठू नये.