वळण की वेसण? : 'ब्लॅक ब्यूटी'चे पुनर्वाचन

भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना आपल्याकडे एकच उत्तर आहे : फिरवले नाही म्हणून. या जुन्या कोड्यात घोड्याविषयीचे एक मोठे सत्य सहज सांगून टाकले आहे. घोडा जन्मतः स्वारीचा नसतो. त्याला फेरून, फिरवून स्वारीचा करावा लागतो. मात्र हे फेरणे कसे असावे, कोणत्या वयात असावे, कोणाच्या हातून व्हावे, याचा विचार करणारे साहित्य थोडेच आहे. त्या थोड्यांतली सर्वाधिक वाचली गेलेली कृती म्हणजे अ‍ॅना स्यूएल या इंग्रज लेखिकेची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी होय. बालवाङ्मय म्हणून ती बाजूला ठेवली गेली, हे तिचे भाग्यही आणि दुर्दैवही.

अ‍ॅना स्यूएलचा जन्म १८२० चा. वयाच्या चौदाव्या वर्षी पडून पायांना इजा झाली आणि पुढचे सारे आयुष्य धडपणे चालता येईनासे झाले. घराबाहेर पडायचे तर घोड्याच्या गाडीतूनच, अशी स्थिती. ज्या प्राण्याच्या पायांनी ती आयुष्यभर चालली, त्याची कहाणी तिने आजारपणात, कधी स्वतः लिहून तर कधी आईला सांगून, सहा वर्षे रचली. १८७७ च्या नोव्हेंबरात पुस्तक निघाले आणि पाचच महिन्यांनी लेखिका निवर्तली. तिची ही एकच कादंबरी. घोडाच आपले आत्मचरित्र सांगतो आहे आणि लेखिका केवळ त्याच्या भाषेतून अनुवाद करीत आहे, अशी तिची मांडणी आहे.

या कादंबरीकडे भूतदयेचे पुस्तक म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती निराधार नाही. गाडीच्या घोड्यांची मान ऐटीत उंच राहावी म्हणून ती आखडून बांधणाऱ्या लगामाविरुद्ध या पुस्तकाने इंग्लंड-अमेरिकेत लोकमत जागे केले. परंतु प्रचाराचे काम करून गेलेली पुस्तके कालांतराने विस्मरणात जातात. हे गेले नाही. याचे कारण माझ्या मते तिसऱ्या प्रकरणात आहे. तरुण घोड्याला स्वारी आणि गाडीसाठी तयार करण्याचे ते प्रकरण म्हणजे साऱ्या कादंबरीचे बीज आहे. पुढे जे जे घडते, ती त्या पहिल्या शिकवणीची परीक्षा आहे.

या प्रकरणात घटना अशी काही घडतच नाही. शेतकरी मालक आपले शिंगरू चार वर्षांचे होईपर्यंत विकायलाही तयार नसतो. पोरांना बाप्यांचे काम लावू नये, तसे शिंगरांना घोड्यांचे काम लावू नये, असे त्याचे मत. मग तो स्वतःच शिकवणीला आरंभ करतो. प्रथम तोंडात लगामाची कडी. बोटाएवढी जाड, थंड, कठीण वस्तू दातांमध्ये, जिभेवर येऊन बसते आणि काढता येत नाही, हा अनुभव लेखिकेने घोड्याच्या तोंडून इतक्या नेमकेपणाने सांगितला आहे की वाचकाचाही जबडा आवळतो. शिंगरू ते सहन करते, कारण सोबत ओंजळभर दाणा आहे, पाठीवरची थाप आहे आणि आई हेच तोंडात घालून रोज बाहेर जाते हे त्याने पाहिले आहे. मग खोगीर, काही दिवस नुसते चालवणे, आणि एका सकाळी मालक हळूच पाठीवर बसून त्याला गवतातून फिरवतो. त्यानंतर नाल. मग गळ्यातले जोखड, डोळ्यांवरची झापडे, शेपटीखालचा पट्टा. आणि पहिल्यांदा गाडीला जुंपताना शेजारी त्याची आई. शेवटी त्याला पंधरवडाभर रेल्वेरुळांलगतच्या कुरणात गाईमेंढ्यांबरोबर सोडून दिले जाते. पहिली आगगाडी धडाडत जाते तेव्हा तो जीव घेऊन पळतो. गाई मात्र मानही वर करीत नाहीत. काही दिवसांत त्यालाही त्या आवाजाचे काही वाटेनासे होते.

या क्रमात एक शास्त्र आहे. प्रत्येक नवी गोष्ट एकेकटी येते, जुनी अंगवळणी पडल्यावरच येते आणि ओळखीच्या कोणाच्या तरी सोबतीने येते. आजचे जाणते शिक्षकही याच वाटेने जातात. आधी लांब दोरीवर वर्तुळात फिरवणे, ज्याला आपण कावा देणे म्हणतो; मग तोंडात लगाम; मग पाठीवर ओझे; आणि स्वार बसल्यावरही पहिले काही महिने थोडा वेळ, सरळ वाट, पुढे एखादा थोराड घोडा. चार वर्षे थांबण्यामागेही केवळ माया नाही. घोड्याच्या पायांची खालची हाडे लवकर पक्की होतात. पाठीचा कणा सर्वांत उशिरा, पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास. शर्यतींच्या जगात दोन वर्षांच्या शिंगरावरही स्वार बसतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शेतकऱ्याच्या धीराची किंमत कळते.

या प्रकरणाला उत्तर म्हणून लेखिकेने जिंजर या घोडीची कहाणी उभी केली आहे. आईपासून लवकर तोडलेली, मायेचा शब्द न ऐकलेली ही घोडी. तिला शिकवायला माणसे आली ती टोळीने. कोपऱ्यात कोंडून, नाक दाबून, जबडा उघडून कडी कोंबली. पुढे सॅमसन नावाच्या दांडगट तरुणाने तिला दमेपर्यंत कावे दिले, टाचा आणि चाबूक चालवला आणि अखेर तिने त्याला पाठीवरून फेकून दिले. सूर्यास्ताला त्याचा म्हातारा बाप दाणा घेऊन आला, मऊ आवाजात बोलला, तेव्हा ती मुकाट त्याच्यामागून गेली. तापट माणसाच्या हातून शांत घोडा घडत नाही, हा त्या म्हाताऱ्याचा निर्वाळा आहे. दोन्ही घोडी पुढे एकाच तबेल्यात येतात, एकाच गाडीला लागतात. पण एकीच्या मनात माणसाविषयी मुळात विश्वास आहे, दुसरीच्या मनात भय. जिंजरचा अंत भाड्याच्या गाडीखाली होतो. दोघींच्या दैवातले सारे अंतर शिकवणीतून आले असे लेखिका म्हणत नाही. पण सुरुवातीचे ते काही आठवडे ती वाचकाला विसरूही देत नाही.

या प्रकरणाचे मराठी करू जाणाऱ्यापुढे पहिल्याच शब्दाला पेच पडतो. इंग्रजीत शिंगराला शिकवणे म्हणजे त्याला 'मोडणे'. आपण काय म्हणावे? 'वठणीवर आणणे' म्हटले तर सॅमसन डोळ्यांपुढे येतो. 'माणसाळवणे' जवळचे, पण ते रानटी जनावराचे. 'फेरणे' खरे, पण ते कसरतीपुरते. घोडा तयार करणाऱ्याला आपल्याकडे 'चाबूकस्वार' म्हणत; म्हणजे त्याच्या नावातच चाबूक आहे. घोड्याचे साजसामान आपल्या बोलण्यात किती खोल रुतले आहे पाहा : गुन्हेगार 'जेरबंद' होतो, तोंडाचा 'तोबरा' भरतो, जिभेला 'लगाम' घालतात आणि पाने भरण्यासाठी लिहिलेल्या मजकुराला समीक्षक 'खोगीरभरती' म्हणतात. ही सारी भाषा तयार घोड्याची आहे. तो तयार कसा झाला, हे सांगणारा शब्द मात्र घरातून घ्यावा लागतो : 'वळण लावणे'. हा शब्द आपण मुलांसाठी वापरतो, अक्षरासाठी वापरतो. स्यूएलच्या शेतकऱ्याला तोच शोभतो.

आपल्या साहित्यातही घोडा बहुधा तयारच येतो. धनाजी जाधवांच्या धाकाने मोगलांचे घोडे पाणी पीत नसत, ही आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. पण धनाजींचे घोडे कोणी फेरले हे कोणी सांगत नाही. अकोटजवळच्या अडगावच्या मैदानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेशी भोसल्यांची लढाई झाली आणि सायंकाळनंतर चांदण्यात घोडदळाने पाठलाग केला. सेनापतींची नावे इतिहासात आहेत. त्या रात्री धावलेल्या घोड्यांना शिंगरूपणी ज्यांनी पहिल्यांदा लगाम दाखवला, त्यांचा मागमूस नाही. आजही दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा बोली लागते ती रंगावर, भोवऱ्यांवर, रहवाल चालीवर. शिक्षक पडद्याआडच राहतो. स्यूएलने त्याला पुढे आणले, हे तिचे वाङ्मयीन ऋण आहे.

तथापि या विषयावर ती पहिली नव्हे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वारोहणावर छोटासा ग्रंथ लिहिला. मुलाला एखाद्या कारागिराकडे शिकायला ठेवताना जसा करार करतात, तसा शिंगराच्या शिक्षकाशी लेखी करार करावा, असे तो सांगतो. भूक, तहान, माश्यांचा त्रास यांची सांगड शिंगराच्या मनात एकटेपणाशी पडावी आणि दाणा, पाणी, सुटका यांची माणसाशी, ही त्याची दृष्टी विलक्षण आहे. घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये. तो बिचकला असता मारले तर ज्या वस्तूला तो भ्याला तिच्यामुळेच दुखते आहे असे त्याला वाटते, हेही त्याने जाणले होते. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा आहे आणि कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'तही अश्वविद्येला स्थान आहे. म्हणजे मायेने शिकवणे ही काही आधुनिक हळवी कल्पना नव्हे. रणांगणावर ज्याचा जीव घोड्यावर अवलंबून होता, अशा माणसाचा तो व्यवहार होता.

झेनोफनच्या शेजारी ठेवल्यावर स्यूएलचा एक उणेपणा दिसतो. तिच्या पुस्तकात चांगुलपणा म्हणजे मुख्यतः गोड शब्द, थाप आणि दाणा. पण घोडा सर्वांत अधिक शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. लगाम ओढला आणि तो थांबला, की त्याच घटकेला हात सैल झाला पाहिजे. ही सैलीच त्याचे बक्षीस. हात सैल करायला विसरणारा मनुष्य कितीही प्रेमळ असला तरी घोड्याचे तोंड बधिर करतो. झेनोफनला हे ठाऊक होते; घोड्याने मनासारखे केले की लगाम ढिला सोडून त्याला सुख द्यावे, असे तो बजावतो. स्यूएलने मनाची कोमलता दाखवली, हाताची कोमलता पुरेशी उकलली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे पुस्तक आज्ञाधारकपणाचे गोडवे गाते, असे म्हटले जाते. चांगला घोडा तो, जो सोसतो. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. पण एका रात्रीच्या प्रसंगाने त्याला छेद दिला आहे. पावसाळी अंधारात गाडी पुलाशी येते आणि ब्यूटी थबकतो. चाबकाचा फटका बसतो, तरी पाऊल टाकीत नाही. इतक्यात पलीकडून ओरडत माणूस येतो : पूल मध्येच तुटला आहे. आपल्या कोड्यातला घोडा न फिरवल्यामुळे अडला होता. हा घोडा नीट फिरवल्यामुळे अडला. भयाने वाकवलेला जीव चाबकाखाली पुढेच गेला असता. ज्याला वळण मिळाले आहे त्यालाच योग्य वेळी नकार देता येतो, हे या कादंबरीचे सर्वांत खोल विधान आहे. ते तिने एकदाच केले, ही खंत उरते.

धीर ही श्रीमंतांची चैन आहे काय, हा प्रश्नही लेखिकेने टाळलेला नाही. भाड्याने घोडा घेऊन गाडी हाकणारा सॅम तिने रंगवला आहे. रोजचे भाडे चुकवण्यासाठी तो घोड्यालाही झिजवतो आणि स्वतःही झिजून मरतो. क्रौर्यामागे पुष्कळदा दारिद्र्य उभे असते, हे वऱ्हाडच्या वाचकाला सांगायला नको. अकोटच्या काळ्या रानात घोडा आता उरला तो वरातीपुरता. पण गोऱ्हा कामाला लावणे अजून अनेकांनी पाहिले आहे. दात पाहून वय ठरते, थोराड बैलाच्या जोडीला जू मानेवर येते, आधी मोकळे चालवणे, मग हलके ओझे. ब्यूटीच्या शेजारी जुंपलेली त्याची आई येथे वेगळ्या रूपात भेटते. पेरणी तोंडावर आली आणि घरी दुसरा बैल नसला की हाच क्रम तुटतो आणि पराणी बोलू लागते. शर्यतीतही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलगाडा शर्यती बंद केल्या आणि २०२३ साली महाराष्ट्राचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. शंकरपट पुन्हा भरू लागले. कायदा पराणी रोखू शकेल. पण गोठ्यात पहिल्या दिवशी त्या गोऱ्ह्याशी कोण कसे बोलले, हे कायद्याच्या हातात नाही.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला 'शिंगरू' हा शब्द अपरिचित नाही. झावळ्यांच्या रविवारी आपण ज्या शिंगराविषयी ऐकतो, त्यावर तोवर कोणीही बसले नव्हते, असे संत मार्क मुद्दाम नोंदवतो. न फेरलेले शिंगरू, आरडाओरड करणारा जमाव, अंगावर टाकलेली वस्त्रे, वाटेत पसरलेल्या डहाळ्या! कोणताही चाबूकस्वार अशा स्वारीला तयार झाला नसता. स्यूएलचे तिसरे प्रकरण वाचल्यावर ते जुनेच वाक्य नव्याने ऐकू येते. पाठीवरचा स्वार किती हलका असला पाहिजे, याचा विचार मनात येतो. संत याकोब घोड्याच्या तोंडातील लगामाचा दृष्टान्त देतो तोही घोड्याला उद्देशून नव्हे, बोलणाऱ्याच्या जिभेला उद्देशून. आधी स्वाराने स्वतःला लगाम घालावा, हाच त्याचा रोख.

तेव्हा 'ब्लॅक ब्यूटी' मुलांच्या हाती द्यावी, हे खरेच. पण आधी ती आईवडिलांनी आणि शिक्षकांनी वाचावी. संक्षिप्त आवृत्ती घेतली असल्यास तिसरे प्रकरण त्यात पुरते उतरले आहे की नाही, एवढे पाहून घ्यावे. आपल्या घरांतही चौथ्या वर्षाचे काम दुसऱ्या वर्षी उरकण्याची घाई वाढली आहे. शिकवण्या लवकर लागतात, स्पर्धा त्याहून लवकर. कला म्हणून पाहता ही कादंबरी सदोष आहे : योगायोग फार, उपदेश उघड आणि शेवट हवा तितका गोड. तरीही कोवळ्या जिवाच्या पाठीवर पहिल्यांदा भार ठेवताना मोठ्यांचा हात कसा असावा, हे इतक्या साध्या शब्दांत सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. वेसण कोणीही घालू शकतो. वळण लावायला चार वर्षे थांबावे लागते.